कम्प्युटरच्या आधीची लाट

लाटांचं सिम्युलेशन म्हटलं की स्क्रीनवर हलणारा निळा-लाल नकाशा डोळ्यांपुढे येतो. मला मात्र या विद्येतली सगळ्यात भारी गोष्ट कागद-पेन्सिलीच्या काळातली वाटते.

जानेवारी १९१६. नेदरलँड्समधल्या झायडरझी या उथळ उपसागराकाठचे बांध वादळात फुटले, गावं पाण्याखाली गेली. १९१८ साली कायदाच झाला: सुमारे ३२ किलोमीटरचा बांध घालून उपसागराचं तोंड बंद करायचं. पण रोज दोनदा आत शिरणारी भरती मग जाणार कुठे? बाहेर, वाडन समुद्राच्या काठावर लोक राहत होते. त्यांचे बांध किती उंच करायचे? आकडा कमी धरला तर जिवाशी खेळ, जास्त धरला तर पैसा पाण्यात.

हा आकडा काढणाऱ्या समितीचं अध्यक्षपद गेलं हेंड्रिक लॉरेन्ट्झ यांच्याकडे. हो, तेच १९०२ चे नोबेलवाले, आइन्स्टाइनना ज्यांच्याबद्दल अपार आदर होता ते. वय पासष्टीला टेकलेलं. नुसतं नाव देऊन मोकळे झाले असते तरी कुणी बोललं नसतं. हे स्वतः गणितं मांडायला बसले.

भरती म्हणजे एक लांबच लांब लाट. तिची समीकरणं ठाऊक होती, घोडं अडत होतं तळाच्या घर्षणापाशी. हे घर्षण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, आणि तसं समीकरण हाताने सोडवणं महाकठीण. लॉरेन्ट्झनी त्याच्या जागी वेगाच्या सरळ प्रमाणातलं घर्षण घातलं, फक्त एक अट पाळून: भरती-ओहोटीच्या एका फेऱ्यात खर्च होणारी ऊर्जा तेवढीच राहिली पाहिजे. काय सोडायचं आणि काय जिवापाड जपायचं, हे ठरवण्यातच मला त्यांची खरी ताकद दिसते. मग तो सगळा समुद्र त्यांनी एकमेकांना मिळणाऱ्या खाड्यांचं जाळं म्हणून मांडला. प्रत्येक संगमावर पाण्याची पातळी आणि आवक-जावक जुळायलाच हवी.

हे सगळं हाताने. आठ वर्षं लागली. १९२६ च्या अहवालाने सांगितलं, की बांधावरून लाट परत फिरेल आणि बाहेरची भरती आजच्यापेक्षा उंच चढेल.

लॉरेन्ट्झ १९२८ मध्ये गेले. २८ मे १९३२ रोजी बांधातली शेवटची फट बुजवली गेली. बाहेरची भरती वाढली, अहवालात लिहिली होती जवळपास तेवढीच. त्या बांधावर कोर्नवेर्डरझांडला जे दरवाजे आहेत, त्यांना लॉरेन्ट्झ यांचं नाव आहे.