मानव्यविद्यांचे शिक्षण, सातारा जिल्ह्यातील

भाषा, वाङ्मय, इतिहास, तत्त्वज्ञान इ. मानव्यविद्यांचा अभ्यास दीर्घकाळ उपजीविकेची विवंचना नसलेल्या वर्गांपुरता मर्यादित राहिला. सातारा जिल्ह्यात ह्याचे प्रत्यंतर थोड्या अंतरातच मिळते. पसरणी घाटाच्या माथ्यावरील पाचगणीत थंड व कोरड्या हवेमुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून निवासी शाळा निघाल्या. सेंट जोसेफ कॉन्व्हेंट (१८९५) व सेंट पीटर्स (१९०४) ह्या त्यांपैकी होत. तेथे प्रथम यूरोपीयांची व पुढे सधन एतद्देशीयांची मुले शिकत. घाटाखालच्या वाईत नारायणशास्त्री मराठे (नंतरचे स्वामी केवलानंद सरस्वती) यांच्या प्राज्ञपाठशाळेत शास्त्राध्ययन चाले. विनोबा भावे यांनीही तेथे काही काळ अध्ययन केले. दोन्हींची योग्यता वादातीत आहे. तथापि भोवतालच्या शेतकरी-मजुरांच्या मुलांना ह्यांपैकी कोणतेच दार सहजी उघडे नव्हते.

ते उघडण्याचे श्रेय मुख्यतः कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७–१९५९) यांच्याकडे जाते. सत्यशोधक विचारांच्या प्रभावातून त्यांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ मध्ये ती साताऱ्यास नेली. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, जेवत आणि स्वयंपाकापासून शेतकामापर्यंतची कामे स्वतः करीत. अडचणीच्या वेळी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने विकून मुलांना जेवू घातले.

जून १९४७ मध्ये संस्थेने साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू केले. त्याचा प्रारंभ कला शाखेने झाला. प्रयोगशाळेचा खर्च नसल्याने ही शाखा संस्थेला परवडणारी होती हे खरे. पण त्यामुळेच खेड्यातील मुलांना इतिहास, अर्थशास्त्र व वाङ्मय ह्या विषयांचे उच्च शिक्षण जिल्ह्यातच मिळू लागले. ‘कमवा आणि शिका’ योजनेखाली विद्यार्थी जमीन सपाट करीत, दगड फोडीत, शेती करीत आणि त्या श्रमांतून शिक्षणाचा खर्च भागवीत. श्रमाला येथे दयेचे नव्हे, तर हक्काचे मोल होते. पुढल्याच वर्षी भाऊरावांच्या सरकारवरील टीकेमुळे मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. त्या काळात लोकांनी दिलेल्या पैशावर व धान्यावर संस्था तगली. गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बा. गं. खेर यांच्याकडे रदबदली केल्यानंतर अनुदान पुन्हा सुरू झाले. कऱ्हाडला १९५४ मध्ये संस्थेने काढलेल्या महाविद्यालयास गाडगे महाराजांचेच नाव देण्यात आले.

१९५९ मध्ये आर्थिक दृष्ट्या मागासलेल्यांना शासकीय शुल्कसवलत मिळू लागली. त्यानंतर अंगमेहनतीची निकड कमी झाली व योजनेचे मूळ रूप पालटत गेले. हे अपरिहार्य होते. मात्र पुस्तक व कुदळ यांच्यात पडलेले अंतर शिक्षणाच्या दृष्टीने हितावह ठरले, असे म्हणवत नाही.

वसतिगृहातून घडलेल्यांत बॅ. पी. जी. पाटील हे विशेष उल्लेखनीय होत. सांगली जिल्ह्यातील कवठे एकंद येथील गरीब कुटुंबातून आलेले पाटील इंग्रजीचे व्यासंगी बनले. ते शिवाजी महाविद्यालयाचे प्राचार्य व पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. महात्मा फुले यांच्या मराठी लेखनाचे त्यांनी इंग्रजीत भाषांतर केले. शिवाजी महाविद्यालय २०२१ मध्ये स्थापन झालेल्या कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठाचे घटक महाविद्यालय बनले.