खणलेल्या भूमीची विद्या

उसाचा रस निवळताना साखर कारखान्यात जो काळसर गाळ उरतो, त्यास प्रेसमड म्हणतात. धाराशिव जिल्ह्यातील ढोकीसारख्या कारखान्याच्या गावी तो खत म्हणून सर्वपरिचित आहे. असाच गाळ नागपूर जिल्ह्यात एका निराळ्याच कार्यास उपयोगी पडला. गुमगाव येथील मँगनीजच्या खाणीतून निघालेल्या दगडमातीचे ढिगारे उजाड पडले होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्यांत प्रेसमड मिसळून मुळांशी सख्य करणाऱ्या जिवाणूंची व बुरशीची जोड दिली. आणि तेथे साग, शिसू यांसारखे वृक्ष वाढीस लागले.

परंतु शास्त्रज्ञांची ही विद्या प्रत्येक खाणीवर पोचावी कशी? वरची सुपीक माती वेगळी राखावी, असे १९८८ च्या खनिज संवर्धन व विकास नियमांनी बंधन घातले. तथापि ती माती कोणती व किती खोल, हे प्रत्यक्ष जागेवरील माणसासच ओळखावे लागते. १९४८ साली स्थापन झालेल्या भारतीय खाण ब्यूरोच्या नागपूर येथील प्रशिक्षण केंद्राचे महत्त्व यातच आहे. कुदळ मारण्यापूर्वीच हे शिक्षण मिळाले पाहिजे. कारण दगडाखाली एकदा गाडली गेलेली माती कोणताही नियम परत आणीत नाही.