मनगटाची दिशा

बदलीच्या गावी राहणाऱ्या आम्हा मराठी नोकरदारांस गोल्फचे मैदान बहुधा कुंपणाबाहेरूनच परिचित असते. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालचा; ब्रिटिश बेटांबाहेर त्याहून जुना क्लब नाही. साहेब गेला, त्याचा खेळ राहिला. मनगट म्हटले की आपणांस जोर आठवतो. या खेळात मात्र मनगटाची कथा जोराची नसून दिशेची आहे. आणि बेन होगन याच्या चरित्रात ती विशेष स्पष्ट दिसते.

होगन १९१२ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात जन्मला. नवव्या वर्षी पितृछत्र हरपले आणि शाळकरी वयातच तो गोल्फच्या मैदानावर दुसऱ्यांच्या काठ्या वाहू लागला. पुढे तो व्यावसायिक खेळाडू झाला. पण मोठ्या फेरीतील एकट्याचा पहिला विजय मिळण्यास १९४० साल उजाडले. ऐन वेळी त्याचा चेंडू झपाट्याने डावीकडे वळे. फटक्याच्या क्षणी काठीचे तोंड डावीकडे मिटत असे, हे त्याचे कारण.

येथे हत्याराचाही इतिहास ध्यानी घ्यावयास हवा. हिकरी लाकडाच्या जुन्या दांड्याला फटक्यात पीळ बसे. तो सांभाळण्यासाठी हात आणि मनगटे फिरवावी लागत. १९२९ साली ब्रिटनमध्येही पोलादी दांड्यास मान्यता मिळाली आणि पीळ पुष्कळ कमी झाला. बोरू सोडून टंकयंत्राशी बसणाऱ्या कारकुनाची बोटे जशी नव्याने शिकतात, तद्वत खेळाडूंच्या मनगटांसही नवे वळण लावून घ्यावे लागले.

होगनने ते सरावाने लावले. २ फेब्रुवारी १९४९ रोजी त्याच्या मोटारीवर बस आदळली. कमरेचे हाड मोडले. तरीही पुढल्याच वर्षी त्याने अमेरिकन ओपन जिंकली, आणि १९५३ साली तीन प्रमुख स्पर्धा. १९५५ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात त्याने आपले रहस्य प्रकट केले: काठी उगारून वर नेली की डावे मनगट हाताच्या पाठीकडे किंचित मोडावयाचे. त्यामुळे काठीचे तोंड उघडे राही आणि चेंडू डावीकडे पळत नसे. १९५७ च्या आपल्या पुस्तकात त्याने भर दिला तो फटक्याच्या क्षणावर. तेव्हा डाव्या मनगटाचे हाड लक्ष्याकडे पुढे आलेले असावे, असे त्याने शिकविले.

हे रहस्य सर्वांचे औषध नव्हते. सामान्य खेळाडूचा चेंडू बहुधा उजवीकडेच भरकटतो. त्याने वर नेताना मनगट तसे मोडल्यास व्याधी बळावते. उलट, २०१६ ची अमेरिकन ओपन जिंकणारा डस्टिन जॉन्सन वरच्या टोकाशी डावे मनगट तळहाताकडे वाकवितो. दोघांच्या रीती परस्परविरुद्ध, पण दोघांचेही चित्त एकाच क्षणावर: चेंडूस स्पर्श होताना काठीचे तोंड कोठे पाहते!

थोरांचे अनुकरण करताना आपण त्यांचा उपाय तेवढा उचलतो. तो कोणत्या दोषावर होता, हे पाहत नाही. होगनने प्रथम स्वतःचा दोष ओळखला, मग उपाय शोधला. गुरूची रीत उचलण्यापूर्वी एवढा क्रम आम्ही पाळला, तरी त्याच्या श्रमांचा योग्य आदर केल्यासारखे होईल.