कळ, संकेत आणि कार्यालयाची स्मृती

जबलपूर म्हटले की मराठी वाचकाला भेडाघाटचे संगमरवरी कडे आठवतात. सरकारी सेवेतील लोकांना या शहराची आणखी एक ओळख आहे : १९४२ साली येथे सुरू झालेले दूरसंचार प्रशिक्षण केंद्र. कळ दाबल्यावर दूरच्या यंत्राला नेमके काय समजते, हा तारायंत्राच्या काळातील प्रश्न पुढे संगणकाबरोबर आपल्या कार्यालयांतही आला.

टेलिप्रिंटरवर प्रत्येक अक्षरासाठी पाच स्पंदांचा संकेत असे. पाच स्पंदांतून केवळ ३२ संकेत होतात. अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे त्यांत मावत नाहीत. म्हणून ‘यापुढे आकडे’ आणि ‘यापुढे अक्षरे’ असे दोन संकेत राखून ठेवले गेले. वाटेत पहिला गळाला, तर १० ऐवजी ‘क्यूपी’ छापले जाई. कळीचा अर्थ आधी गेलेल्या सूचनेवर ठरत असे.

हेच तत्त्व ‘एस्केप’ या संकेताच्या रूपाने संगणकात आले. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७८ मध्ये व्हीटी १०० आणि १९८३ मध्ये व्हीटी २२० हे टर्मिनल आणले. व्हीटी २२० वर एफ ६ दाबले की एस्केप, चौकोनी कंस, १७ आणि टिल्ड अशी मालिका मुख्य संगणकाकडे जाते. तिचा अर्थ तेथील प्रणाली लावते. दिल्लीत १९८५-८६ मध्ये सुरू झालेले रेल्वेचे संगणकीकृत आरक्षण याच कंपनीच्या व्हॅक्स संगणकांवर चाले.

पुढे टर्मिनलांच्या जागी पीसी आले आणि त्यांवर टर्मिनलची नक्कल करणारे सॉफ्टवेअर बसले. परंतु व्हीटी २२० वर फंक्शन कळा एफ २० पर्यंत होत्या, पीसीवर त्या एफ १२ लाच संपतात. टर्मिनलवर जेथे पीएफ १ होती, तेथे पीसीवर नम लॉक आहे. म्हणून पीसीच्या कोणत्या कळीने कोणती मालिका पाठवावी, याचा तक्ता सॉफ्टवेअरला द्यावा लागतो.

जबलपूरच्या एका कार्यालयात या तक्त्याचे मोल मी पाहिले. नवे पीसी बसले आणि ज्या कळीने नोंद कायम होई, ती काहीच करीना. जुना तक्ता एका तंत्रज्ञाच्या पीसीत राहिला होता आणि त्यांची बदली झाली होती. खिडकीबाहेर रांग वाढली. बोल मात्र लिपिकांनीच ऐकले. अखेर एका ज्येष्ठ लिपिक बाईंनी एकेक कळ दाबून पाहिली, अर्थ पुठ्ठ्याच्या पट्टीवर लिहिले आणि ती पट्टी कळफलकावर चिकटवली. आठवड्याभरात सर्वांनी ती उतरवून घेतली.

यंत्राची किंमत निविदेत दिसते. सवय मोडण्याची किंमत कोणत्याच लेखाशीर्षाखाली येत नाही. ती लिपिक आणि रांगेतील नागरिक भरतात. परदेशी बँकांत किंवा विमा कंपन्यांत काम केलेल्या वाचकांना आयबीएम ३२७० च्या नकला परिचित असतील. तेथेही पीएफ १३ ते २४ साठी बहुधा शिफ्ट धरावी लागते.

म्हणून कळांचा तक्ता हा कार्यालयीन दस्तऐवज मानला पाहिजे. तो खरेदीच्या करारात मागावा, कार्यभार सोपवताना यादीत नोंदवावा आणि रोज त्या कळा वापरणाऱ्या लिपिकाकडून तपासून घ्यावा. यंत्रे दर काही वर्षांनी बदलणारच. त्यांच्याबरोबर कामाची रीत हरवू नये, हे पाहणे प्रशासकाचे काम आहे.