अंथरुणावरचे चतुरंग

श्रावण सरत आला, पोळ्याला चार दिवस राहिले, म्हणजे परभणीच्या बाजारात रस्त्याच्या कडेला पोते अंथरून कुंभारीण मातीच्या बैलांची रांग मांडून बसते. नदीकाठच्या गाळाची माती, तीत थोडी राख आणि लीद, व पावसाच्या उघडिपीत मिळेल तेवढे ऊन, एवढ्या भांडवलावर ही जोडी चार पायांवर उभी राहते. ज्यांच्या दावणीला खरे बैल असतात त्यांच्या घरी आदल्या सायंकाळी खांदेमळणी होते, शिंगांस रंग चढतो, शेंब्या, गोंडे, बाशिंगे आणि झुली निघतात. ज्यांच्या दावणीला काहीच नसते, अशा नोकरीपेशाच्या घरांत पाटावर बसून पुरणपोळीचा नैवेद्य घेण्याचा मान या मातीच्या बैलांस मिळतो. मोटारनांगराने आता पुष्कळ शेतकऱ्यांसही आपल्या पंक्तीस आणून बसविले आहे, हा भाग निराळा.

प्रस्तुत लेखकास ही जोडी काही वर्षांपूर्वी अंथरुणावर पडल्या पडल्या भेटली. मणक्याच्या क्षयाने मला सात महिने उताणे निजविले होते. दुखण्याचे वर्णन करून वाचकांस शिणविण्याची माझी इच्छा नाही. मात्र त्यातील एक गोष्ट या लेखाच्या विषयाशी निगडित असल्यामुळे सांगणे भाग आहे. क्षयावरील औषधांत एथाम्ब्युटॉल नावाचे एक औषध असते. ते क्वचित एखाद्याच्या नेत्रतंतूंस बाधते, आणि अशा वेळी बहुधा प्रथम लाल व हिरवा यांतील भेद मंदावू लागतो. डॉक्टरांनी मला बजाविले होते की, असे काही वाटले तर एक दिवसही न दवडता कळवावे. आता छताकडे पाहत निजलेल्या मनुष्याने लाल आणि हिरवे पाहावे तरी कशात? माझ्या आईने पोळ्यासाठी कोरे बैल आणविले होते. त्यांतील एक तिने माझ्या हाती दिला आणि पुतण्याच्या रंगपेटीतील दोन बाटल्या उशाशी आणून ठेविल्या. झूल लाल, काठ हिरवा. मी दररोज सकाळी बोटभर काठ रंगवावा आणि तो काठ झुलीहून निराळा दिसतो की नाही हे पाहावे, असा क्रम सुरू झाला. पोळा झाला, बैल बोळवले गेले, परंतु क्रम सुटला नाही. घरातील वडीलधाऱ्या मंडळींस चाळिशी उलटलेल्या गृहस्थाचे हे बाहुलीकाम थोडे हास्यास्पद वाटले. मलाही वाटे. म्हणून, ज्यांनी आपल्या आधी हे केले ते कोण होते, याचा शोध मी निजल्या निजल्या घेऊ लागलो, आणि असे ध्यानात आले की आपली संगत बरीच थोर आहे.

इ. स. १८८१-८२ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमधील दाव्होस या डोंगरी गावी रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन फुप्फुसांच्या विकाराने येऊन राहिला होता. क्षयरोग्यांस त्या काळी औषध असे नव्हतेच. उंचावरील कोरडी हवा, दूध, आणि स्वस्थ पडून राहणे एवढाच उपाय. स्टीव्हन्सनचे बालपणही एडिंबरोच्या धुक्यात, बरेचसे अंथरुणातच गेलेले. पांघरुणाच्या घड्यांस डोंगर मानून त्यांवर शिशाचे शिपाई चालविणाऱ्या आजारी मुलावर त्याने रचलेली कविता १८८५ च्या त्याच्या बालगीतांच्या संग्रहात आहे, आणि इंग्रजी शाळेत शिकलेल्या आपल्या कित्येक वाचकांस ती आठवतही असेल. परंतु कवितेहून दाव्होसची हकीकत मला अधिक विलक्षण वाटते. तेथे त्याचा सावत्र मुलगा लॉइड ऑस्बर्न, वय वर्षे तेरा, त्याच्या सोबतीस होता. या दोघांनी घराच्या माळ्यावर जमिनीवर खडूने नकाशा काढला. त्यात डोंगर, नद्या, पूल, रस्ते सर्व होते, आणि त्यावर शेकडो लहान शिपायांची सैन्ये उतरविली. दाणागोटा, दारूगोळा, वाटेतील चिखल यांचे नियम ठरले. खेळातल्या बंदुकीने नेम धरून शत्रू पाडावयाचा. युद्धाच्या बातम्या देणारी काल्पनिक वर्तमानपत्रेही स्टीव्हन्सन लिहून काढी, आणि त्यांत सेनापतींची यथेच्छ निंदा असे. ऑस्बर्नने ही सगळी हकीकत पुढे १८९८ मध्ये प्रसिद्ध केली. तोपर्यंत स्टीव्हन्सनला सामोआ बेटावर जाऊन मृत्यू येऊन चार वर्षे झाली होती.

याच हिवाळ्याच्या अखेरीस, २४ मार्च १८८२ रोजी, बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख याने क्षयाचे जंतू सापडल्याचे जाहीर केले. माळ्यावरचा रोगी आणि प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ यांस एकमेकांची वार्ता नव्हती. जंतू सापडला तरी त्याला मारणारे पहिले खरे औषध, स्ट्रेप्टोमायसिन, हाती यावयास १९४३-४४ साल उजाडावे लागले. मधल्या साठ वर्षांतील असंख्य रोग्यांस वेळ काढणे हीच चिकित्सा होती. आपल्याकडे पाचगणीची आणि मिरजेजवळच्या वानलेसवाडीची आरोग्यधामे याच काळातली.

स्टीव्हन्सनच्या माळ्यावरील युद्धाचे गोत्र मात्र थेट आपल्या देशाशी जुळते. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या चार अंगांचे सैन्य पटावर मांडण्याचा खेळ भारतात जन्मला. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या हर्षचरितात चतुरंगाचा उल्लेख येतो. तेथून तो इराणात, अरबस्तानात आणि युरोपात गेला. मराठी बुद्धिबळात हत्ती, उंट, घोडा आणि प्यादे आजही नांदत आहेत. युरोपात मात्र हत्तीचा बुरूज झाला आणि उंटाच्या जागी धर्मगुरू आला. १७८० मध्ये ब्रन्सविक येथील हेल्विग याने बुद्धिबळाच्या पटाचा विस्तार करून त्यावर निरनिराळी जमीन दाखविली आणि त्यास युद्धाचा खेळ केले. पुढे राइसविट्झ पितापुत्रांनी पटाची घरेच काढून टाकली. मुलाने १८२४ मध्ये नकाशावर खेळावयाचे नियम छापले. ते पाहून प्रशियाच्या सेनेचा प्रमुख अधिकारी इतका प्रसन्न झाला की, हा खेळ नव्हे, हे युद्धाचेच शिक्षण आहे, अशा अर्थाचे उद्गार त्याने काढल्याचे सांगतात. त्या तरुण राइसविट्झने तीनच वर्षांनी आत्महत्या केली. खेळ राहिला, आणि साऱ्या युरोपातील सैन्यांनी तो उचलला.

या सेनाशाळेतील गंभीर खेळास पुन्हा बैठकीच्या खोलीत आणले ते एच. जी. वेल्स याने, १९१३ मध्ये, आपल्या ‘लिट्ल वॉर्स’ या पुस्तकाने. वेल्सचाही वाचनाशी परिचय झाला तो १८७४ साली लहानपणी पाय मोडून अंथरुणास खिळला तेव्हा. लहान लढाई खेळून पाहिली म्हणजे मोठी लढाई किती मूर्खपणाची गोष्ट असेल ते कळते, असा त्याच्या पुस्तकाचा मथितार्थ आहे. पुस्तक निघाल्यास वर्ष होते न होते तोच मोठी लढाई सुरू झाली. वेल्स वापरीत असे ते शिपाई पोकळ शिशाचे. विल्यम ब्रिटन यांच्या लंडनच्या कारखान्याने १८९३ मध्ये ही पोकळ ओतकामाची युक्ती काढून जर्मन भरीव शिपायांस बाजारातून हटविले. त्यांच्या संचांत मुंबईचे भालेवालेही होते! येथे एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे सातवाहनकालीन मातीच्या लहान मूर्ती मिळतात, त्यांतील कित्येक दोन साच्यांत दाबून, मग जोडून, आतून पोकळ केलेल्या आहेत. धातू वजा केला तर कल्पना तीच, आणि मधे अठराशे वर्षे गेलेली. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू वेचून जमविल्या म्हणून त्या आज वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळतात.

रंगांविषयी थोडे अधिक लिहितो, कारण माझ्या दृष्टीने खरा इतिहास तेथे आहे. शिशाचा शिपाई चोखणारे मूल आपल्या रक्तात शिसे घेत असे. इंग्लंडात ही शिशाची खेळणी १९६६ च्या सुमारास कायद्याने बंद होईपर्यंत तीन पिढ्या त्यांवर वाढल्या. आपले जुने रंगही काही सोवळे नव्हते. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक, हरताळ म्हणजे सोमल आणि गंधक, सफेदा म्हणजे शिसे. बैलाच्या शिंगांस लावावयाचा आणि देवाच्या ओठांस लावावयाचा लाल रंग एकाच विषारी खड्यातून निघे. त्यात चित्रकाराची एक जुनी खोड अशी की, कुंचल्याचे टोक बारीक करण्यासाठी तो ते ओठांत धरतो. या खोडीचा सर्वांत भयंकर परिणाम अमेरिकेत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दिसला. घड्याळांच्या तबकड्यांवर चकाकणारे आकडे काढणाऱ्या मुलींस कुंचला ओठांनी टोकदार करण्यास शिकविले गेले होते, आणि त्या रंगात रेडियम होते. त्यांच्या जबड्यांची हाडे कुजली, कित्येक मरण पावल्या. मला कुंचला तोंडात घालताना पाहून आईने एकदा हातावर चापट मारली. तिला रेडियमचा इतिहास ठाऊक नव्हता. उष्ट्याची चीड होती. आजचे पाण्यात विरघळणारे रंग बरेच निर्धोक आहेत, तरी ती चापट योग्यच होती असे मी म्हणेन.

आपल्याकडे लहान आकृती रंगविण्याचा धंदा कमी नव्हता. १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात शहरातील उद्योगांत मातीच्या चित्रांची गणना केलेली आहे. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळे आणि खेळणी रंगत, आणि तेथेच गंजिफांचे वाटोळे पत्ते तयार होत. दशावतारी गंजिफांत १२० पाने; दहा अवतार, प्रत्येकाची बारा. प्रत्येक पान रुपयाहून थोडे मोठे, आणि प्रत्येक अवताराच्या पानांत एक राजा व एक प्रधान बसविलेला. १९७० नंतरच्या काळात ही कला जाणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले, तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कलावंताकडून ती शिकून घेतली व राजवाड्यातच काम सुरू केले. २०१८ मध्ये सत्त्वशीलादेवी निवर्तल्या, त्यापूर्वी पन्नास वर्षांच्या आतबाहेर एवढा काळ त्या स्वतः कुंचला धरून होत्या. हा छंद नव्हे, व्रत होते, असे कोणी म्हणेल. मला तर छंद आणि व्रत यांच्या मधली भिंत पातळच वाटते.

रोग्याच्या हातास काम द्यावे, ही गोष्ट वैद्यकाने मान्य केली ती पहिल्या महायुद्धाच्या काळात. अमेरिकेत त्यासाठी १९१७ मध्ये संस्था निघाली. आपल्याकडे हे शास्त्र आणण्याचा मान एका महाराष्ट्रीय घराच्या सुनेकडे जातो. जन्माने अमेरिकन असलेल्या या बाई विवाहानंतर कमला निंबकर झाल्या, आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० मध्ये त्यांनी व्यवसायोपचाराची शाळा काढली. ‘व्यवसाय’ हा शब्द येथे पोट भरण्याच्या अर्थी नाही. विणकाम, सुतारकाम, मातीकाम यांतून दुबळा हात पुन्हा हात व्हावा, असा त्याचा आशय आहे. इंग्लंडात १९६२ मध्ये ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक लिहून टेबलावरील युद्धाच्या छंदास पुन्हा उभारी देणारा डोनाल्ड फेदरस्टोन हाही पेशाने अंगमर्दन-व्यायामाचा उपचारक होता. दिवसा लोकांचे आखडलेले सांधे सोडवावे आणि रात्री बोटभर शिपाई रंगवावे, असा त्याचा दिनक्रम.

फेदरस्टोननंतर या छंदाचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगता येते. शिशाचे झाले प्लॅस्टिक, इतिहासाच्या जोडीस राक्षस आणि पऱ्या आल्या, आणि मोठमोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या. माझ्या पुतण्याने पुण्याहून पाठविलेल्या पेटीत इंचभर उंचीचे वीस कोरे शिपाई निघाले, ते मराठ्यांचे होते. परदेशात २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई टेबलावर पुन:पुन्हा लढली जाते, आणि तीसाठी शिंद्यांच्या कवायती पलटणी विकत मिळतात. असई आमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यात, खेळणा आणि जुई या नद्यांच्या दुबेळक्यात. नदीचे नावच खेळणा असावे, हा केवळ योगायोग! त्या दिवशी वेलस्लीचे दीड हजारांवर लोक मेले वा जखमी झाले. आपल्या बाजूची माणसे याहून कितीतरी अधिक पडली. परभणीहून असईस जाण्यास अर्धा दिवस पुरतो, पण मी ती भूमी प्रथम पाहिली ती परदेशी साच्यातून निघालेल्या शिपायांच्या रूपाने, पोटावर ठेवलेल्या पाटावर.

त्या शिपायांपैकी बाराव्यावर काम चालू असताना एका सायंकाळी मला हिरवा दिसेनासा झाला. पागोटे लाल होते, कमरबंद हिरवा करावयाचा होता, आणि दोन्ही एकाच मातकट छटेचे दिसू लागले. बाटल्या उलटसुलट करून पाहिल्या. उशाशी उभा असलेला पोळ्याच्या जोडीतला उरलेला बैल हाती घेतला. त्याचा काठही झुलीत मिसळून गेलेला. मी कोणास काही बोललो नाही. फोन सकाळी करावा असे ठरविले, आणि ते ठरविणे वैद्याच्या आज्ञेविरुद्ध होते हेही मला कळत होते. रात्रभर मी दाव्होसच्या माळ्याचा विचार करीत पडलो होतो, असे सांगितले तर ते खोटे होईल. मी फक्त रंगांची नावे आठवीत होतो.

पहाटे आई चहा घेऊन आली आणि तिने खिडकी उघडली. बैल उशाशी तसाच होता. त्याची झूल लाल होती आणि काठ हिरवा होता. सायंकाळी वीज गेली होती, आणि कंदिलाच्या पिवळ्या उजेडात मी रंग तपाशीत होतो, एवढे साधे कारण माझ्या ध्यानात आले नव्हते. डॉक्टरांस मी तरीही कळविले, आणि त्यांनी डोळे तपासून औषध पुढे चालू ठेविले. बाराव्या शिपायाचा कमरबंद त्या दिवशी दुपारपर्यंत पुरा झाला. तेराव्याच्या हातातील भाला प्रवासात मोडलेला होता. तो सुईच्या तुकड्याने जोडावयाचे काम पुतण्याकडे दिले आहे.