सुनीतातला अंगार

पहिले महायुद्ध संपले आणि अमेरिकेसाठी लढलेले कृष्णवर्णीय सैनिक मायदेशी परतले. तेथे त्यांच्या वाट्याला सन्मान आला नाही. १९१९ च्या उन्हाळ्यात अनेक शहरांत गोऱ्या जमावांनी त्यांच्या वस्त्यांवर हल्ले केले. जुलैअखेरीस शिकागोत उसळलेल्या दंगलीत ३८ माणसे मारली गेली. त्यांपैकी २३ कृष्णवर्णीय होती.

त्याच जुलैत ‘लिबरेटर’ मासिकाने क्लॉड मॅके यांची ‘इफ वी मस्ट डाय’ ही कविता छापली. जमैकात जन्मलेले मॅके तेव्हा रेल्वेच्या भोजनडब्यात वाढप्याचे काम करीत. ही कविता त्यांनी सहकाऱ्यांना वाचून दाखविली, तेव्हा त्यांतील एकाला रडू आवरेना.

संताप धगधगता; परंतु त्यासाठी मॅके यांनी निवडले चौदा ओळींचे शिस्तबद्ध सुनीत, जो काव्यप्रकार केशवसुतांनी मराठीत आणला. कवितेत वर्णाचा उल्लेखही नाही. मरण अटळच असेल, तर माणसाला शोभेल असे झुंजत मरावे, हा तिचा आशय. म्हणूनच ती कोणत्याही पीडिताला आपली वाटते.

१९४४ साली त्याच शिकागोत मॅके यांनी कॅथोलिक श्रद्धेचा स्वीकार केला. त्यांची लेखणी मात्र मवाळ झाली नाही. परदेशात हुकूमशाहीशी लढणाऱ्या अमेरिकेला त्यांनी घरातील वर्णद्वेषाकडे पाहण्यास बजावले. स्तोत्रसंहितेच्या वाचकाला याचे नवल वाटू नये. अन्यायाने पोळलेल्यांचा आक्रोश तेथेही देवापुढे निःसंकोच मांडलेला आहे. क्षमा म्हणजे अन्यायाकडे डोळेझाक नव्हे.