२५० ग्रॅमपेक्षा हलका ड्रोन विमानतळाजवळ उडवता येतो का?

नाही. ‘छोट्या ड्रोनला परवानगी लागत नाही’ असे रील्समध्ये सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. भारतात २५ ऑगस्ट २०२१ पासून लागू असलेल्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला, तसेच हौसेसाठी उडवलेल्या २ किलोपर्यंतच्या ड्रोनला वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. ही सूट चालवणाऱ्याच्या प्रमाणपत्रापुरती आहे. ड्रोन कुठे उडवायचा याचे नियम हलक्या ड्रोनलाही लागू आहेत.

विमानतळापासून किती अंतर?

अंतर धावपट्टीपासून नव्हे, तर विमानतळाच्या हद्दीपासून मोजतात.

• ५ किमीच्या आत : रेड झोन. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उड्डाण नाही.
• ५ ते ८ किमी : यलो झोन. जमिनीपासूनच परवानगी लागते.
• ८ ते १२ किमी : ६० मीटरपर्यंत (२०० फूट) ग्रीन झोन, त्यावर यलो.
• १२ किमीपलीकडे : इतर निर्बंध नसतील तर १२० मीटरपर्यंत (४०० फूट) ग्रीन झोन. इथे परवानगी लागत नाही.

यलो झोनची परवानगी संबंधित हवाई वाहतूक नियंत्रण यंत्रणा देते. पुण्याचा लोहगाव तळ हवाई दलाचा आणि गोव्याचा दाबोळी नौदलाचा, त्यामुळे तिथे हा अधिकार त्यांच्याकडे आहे. मुंबईत विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला हा भाग विमानतळाला लागूनच आहे. तिथे घराच्या गच्चीवरून ड्रोन उडवला तरी नियमभंग होतो.

एवढी कडक अट कशासाठी?

प्रवासी विमान साधारण ३ अंशांच्या उताराने खाली येते. जमिनीला टेकायला २ किमी उरलेले असताना ते जेमतेम १०५ मीटर उंचीवर असते, म्हणजे हौशी ड्रोन सहज पोहोचेल इतक्या उंचीवर. ऑक्टोबर २०१७ मध्ये कॅनडातील क्वेबेक सिटीच्या विमानतळावर उतरणाऱ्या छोट्या प्रवासी विमानाला ड्रोन धडकला. विमानात ८ जण होते. नुकसान किरकोळ झाले आणि विमान सुखरूप उतरले. मात्र हाच ड्रोन इंजिनात किंवा समोरच्या काचेवर आदळला असता, तर काय झाले असते याची कल्पना करता येते.

उडवण्यापूर्वी काय करावे?

डिजिटल स्काय संकेतस्थळावरील हवाई क्षेत्राचा नकाशा त्याच दिवशी पाहावा, कारण झोन बदलू शकतात. पोलिसांचे स्थानिक बंदी आदेशही तपासावेत. मुंबईत असे आदेश वेळोवेळी निघतात. ड्रोन नियम मोडल्यास १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. इतर कायद्यांखालची कारवाई त्याहून वेगळी.

थोडक्यात : ड्रोनच्या वजनाआधी विमानतळाचे अंतर पाहावे.